गोळधाण्याचा गूळ

अख्ख्या भावनगरात माझ्यासारखे दात कुणाचे नसतील, असं मी गोळधाण्याच्या आदल्या दिवशी छाती फुगवून सांगत होतो! त्याचं झालं असं, मुलगी पाहायला गेलो तेव्हा उर्वी म्हणाली होती, "परागजी, तुमचं हसणं मला आवडलं." हसणं म्हणजे दात, असा हिशेब मी करून टाकला. लिंबू, मीठ आणि राठ केसांचा ब्रश घेऊन सकाळ-संध्याकाळ घासत सुटलो. आई म्हणायची, "दीकरा, दात आहेत की तांब्याचे हंडे?"

चहानं कळ यायला लागली, तेव्हा मी उलट तिलाच ऐकवलं, "चमक हवी तर थोडं सोसावं लागतं!"

गोळधाण्यासाठी उर्वीच्या घरी पोचलो, तर स्वागताला बर्फ घातलेलं बडीशेपेचं सरबत. पहिल्याच घोटाला डोक्यात वीज कडाडली! मी पेला खाली ठेवला.

"आमचं सरबत आवडलं नाही वाटतं," उर्वीच्या आत्या, तरूफई म्हणाल्या.

मी घाईनं हसून दाखवलं. दातांना पंख्याचा वारा लागला आणि हसू तिथंच गोठलं.

मग गोळधाणा आला. आमच्यात दोन्ही घरांदेखत गूळ-धणे खाल्ले की सोयरीक पक्की. तरूफईंनी मायेनं सुपारीएवढा खडा माझ्या तोंडात कोंबला. आई गं! मी ताडकन उडालो आणि गूळ हातावर थुंकलो.

"थुंकला! शकुनाचा गूळ थुंकला!" तरूफई किंचाळल्या. "मुलगी पसंत नव्हती तर आधी सांगायचं होतं!"

"अहो वेवाण, विहीणबाई, तसं नाही हो," आई रडकुंडीला आली.

उर्वी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "तुमच्या मनात नाही का?"

नुसतं 'आहे' म्हणायचं होतं हो! तोंड उघडलं, वारा आत शिरला आणि मी तोंडावर हात दाबून जोरजोरात होकाराची मान हलवली. 'मनात नाही' यालाच तो होकार झाला! ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर मांकड म्हणाले, "घासून घासून कवच झिजवलंत, हिरड्या मागे सरकवल्यात. आतल्या थरात बारीक नळ्या असतात, त्या उघड्या पडल्या. आता गार, गरम, आंबट, गोड, काहीही लागलं की थेट नसेला पोचतं. कळ येणार नाही तर काय?"

मी तसाच उर्वीच्या घरी धावलो. तरूफई दारातच आडव्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आ कर पाहू!" मी आ केला.

"असे मोत्यासारखे दात कधी दुखतात का रे? बहाणा तरी धड शोधायचास!"

उर्वी बाहेर आलीच नाही. तिला हसणं आवडलं होतं आणि मी मूर्खासारखा दात घासत बसलो.

आता मऊ ब्रश आणि डॉक्टरांच्या औषधानं दात बरे आहेत. परवा उर्वीचा गोळधाणा झाला, भुजच्या मुलाशी. तिच्या वडिलांनी मोठ्या मनानं आमच्याकडेही पुडी धाडली. मी भीत भीत खडा तोंडात टाकला. दातांना काहीसुद्धा झालं नाही.

"मग डोळ्यांत पाणी कशाला?" आईनं विचारलं.

दात दुखतोय म्हणून सांगितलं. तिनंही विश्वास ठेवला नाही!