काजलचा जाम जबडा

"नवापूर तालुक्यात चोर आधी माझी चौकशी करतात, मगच कुलपाला हात लावतात," असं भूपेश स्वतःबद्दल सांगत असे. नजर घारीची, कान सशाचे, आणि बुद्धी कुणाची हे त्याचं अजून ठरायचं होतं. एरवी तो पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्यांचं खाद्य विकायचा. त्याची सहायक म्हणजे बायको आशा. तपासाची वही आणि तपासात हरवलेल्या चपला ती सांभाळायची.

त्या दिवशी खांडबाऱ्याहून जसोदाबाई आल्या. सून काजलचा जबडा दोन महिने दुखत होता. नवापुरातल्या एका दवाखान्यात जबड्याच्या सांध्याचे स्कॅन वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता नुकतीच बसली होती. तीन स्कॅन झाले. तिन्ही वेळा संगणक म्हणाला, सांधा जाम, तोंड उघडत नाही. सोमवारी सुरतेला ऑपरेशन ठरलं होतं. काजल भीतीने नीट झोपत नव्हती.

"पन काल तिनी दोन कनसं खादात," जसोदाबाई म्हणाल्या. "तोंड उघडत नही, तं खादात कशा?"

आशाला हा प्रश्न फार शहाणपणाचा वाटला. भूपेशने तो वहीत स्वतःच्या नावावर लिहायला लावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी अभिमानाने पडदा दाखवला. तोंड मिटून एक चित्र, तोंड उघडून दुसरं. उघडल्यावर सांध्यातलं हाडाचं गोल टोक पुढे सरकायला हवं. काजलचं जागचं हलत नव्हतं. डॉक्टरांनी संगणकाचा अहवाल तीनदा वाचला होता. काजलच्या तोंडात मात्र एकदाही डोकावले नव्हते, कारण इतकी महाग बुद्धी असताना आपली वापरणं त्यांना उधळपट्टी वाटत होती.

भूपेशने दहा मिनिटांत तीन गुन्हेगार पकडले. एक, सुरतेचा दवाखाना, ज्याने संगणक फितवला. दोन, काजलची जुळी बहीण, जी कणसं खाऊन पळाली. काजलला बहीणच नाही असं कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे लपवली आहे." तिसरा संशय खुद्द संगणकावर होता. भूपेशने त्याला दरडावून पाहिलं. संगणक कबूल झाला नाही.

शेवटी भूपेशच्या देखत चौथा स्कॅन ठरला. काजल डोक्यावरचा पदर सावरत यंत्रापाशी उभी राहिली. यंत्र चालवणारे इंद्रसिंग गिरासे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता तोंड उघडा." आणि 'तोंड उघडं' असं लिहिलेलं बटण दाबलं. संगणक म्हणाला, सांधा जाम.

कोपऱ्यात गजराबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"इंद्रसिंगभाऊ तिन्हा चुलत जेठ शे. जेठना समोर वहू तोंड उघाडी का? आनि तो बी कसा देखी? भिंतकडे देखी ऱ्हायना."

आशाला स्वतःची लाज वाटली. तिचं सासरही याच तालुक्यात होतं, आणि थोरल्या दिरासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही ही रीत तिला ठाऊक होती.

"तू सांगितलं का नाहीस?" तिने काजलला विचारलं.

"कुनी इचारं का?" काजल हळूच म्हणाली. "माले वाटनं, मशीनले आतलं दिसस. मंग उघाडाना काय काम?"

इंद्रसिंगांना चहाला पाठवलं. बटण डॉक्टरांनी दाबलं. काजलने असं तोंड उघडलं की भूपेश दोन पावलं मागे सरकला. सांधा सुरळीत पुढे आला. संगणकाने आधीचं सगळं विसरून, जराही न ओशाळता, 'सांधा ठीक' असं लिहिलं. ऑपरेशन रद्द झालं. काजल मटकन खुर्चीत बसली आणि रडली. भूपेशने वहीत लिहायला सांगितलं, 'माझ्या उपस्थितीने गुन्हेगार घाबरला.' आशाने वही मिटली.

मग डॉक्टरांनी नाइलाजाने स्वतःची बोटं काजलच्या गालांवर ठेवली. स्नायू दगडासारखे घट्ट होते.

"दात आवळून धरायची सवय दिसते. कधीपासून?"

काजलने सासूकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"लगीन व्हयनं तवयपाईन."

डॉक्टरांनी गरम पाण्याचा शेक लिहिला, मऊ जेवण लिहिलं, आणि म्हणाले, "मनात येईल ते बोलून टाकायचं. दात आवळायचे नाहीत."

जसोदाबाई औषधासारखं नीट समजून घेत म्हणाल्या, "दिनमा कितला टाइम?"

"तीन," काजल म्हणाली. डॉक्टरांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.