तपासणीचा बेडूक

"ताई, लिहून ठेव! या रविवारी पोरगी येणार म्हणजे येणार. आणि एकदा आली की पुन्हा 'प्रोजेक्ट आहे' म्हणून तोंडातून शब्द काढायची नाही!"

लिफ्टमास्तरने हे वाक्य म्हणताना हातातला खोका टेबलावर आपटला, आणि लगेच घाबरून तो उचलून कानाशी हलवून पाहिला. आत काही खुळखुळलं नाही. मास्तरचा जीव भांड्यात पडला.

थोरल्या बहिणीने चष्मा वर केला. "काय आणलंस? इस्त्री?"

"इस्त्री कसली! गेम आहे. हातात धरून खेळायचा. नवीनच आलाय म्हणे बाजारात."

"अरे, केस पांढरे झाले की तुझे!"

"माझ्यासाठी नाही गं. तिच्यासाठी."

यावर ताईने चष्मा पुन्हा खाली घेतला. 'तिच्यासाठी' म्हटलं की त्या घरात पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

मास्तर लिफ्टा दुरुस्त करायचा. शहरातल्या कितीतरी इमारती त्याच्या जिवावर वरखाली करत, पण स्वतःचा संसार मात्र मध्येच अडकला तो अडकलाच. बायको वेगळी झाली आणि एका विमावाल्याबरोबर राहायला गेली. नववीतली लेक तिच्याबरोबर गेली, मास्तर बहिणीच्या मागच्या खोलीत आला. लेकीने रविवारी बापाकडे यायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीला यायची. मग तिचं पोट दुखायला लागलं, प्रोजेक्ट आले, मैत्रिणीचे वाढदिवस आले. एकाच मैत्रिणीचा वाढदिवस वर्षात कितीदा येतो, हे मास्तरने विचारलं नाही. विचारून काय करणार? आली, तरी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसून फोनमध्ये डोकं घालायची. पूर्वी 'अरे बाबा' म्हणायची, ती आता 'अहो बाबा' म्हणत होती. मान वाढल्याने एवढा खचलेला माणूस दुसरा नसेल.

आणि अशात त्याला तो गेम दिसला. दुकानातला पोरगेला सेल्समन गिऱ्हाइकांना दाखवत होता. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना दोन हँडलं. सेल्समनने ती हँडलं खटकन ओढून काढली, एक स्वतःकडे ठेवलं, दुसरं मास्तरच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे तुमचं, हे माझं. आता या इकडे. पडदा लहान आहे, जवळच बसावं लागतं."

जवळच बसावं लागतं! मास्तरला पुढचं काही ऐकूच आलं नाही. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक हिरवा बेडूक आणि एक पिवळा बेडूक विहिरींवरून उड्या मारत होते. मास्तरच्या डोळ्यांपुढे बेडूक नव्हतेच. त्याला दिसत होती ताईकडची मागची खोली, पलंगाची कड, आणि आपल्या खांद्याला खांदा लावून बसलेली लेक. किंमत ऐकल्यावर तो क्षणभर खाली आला खरा, पण तेवढंच.

"आधी हात बसवा हं, काका," पैसे मोजून घेताना सेल्समन म्हणाला. "मुलांना ढ पार्टनर आवडत नाही."

झालं! इथेच माशी शिंकली.

हात बसवायचा कुठे? घरात ताई होती. तिने पहिल्याच संध्याकाळी दारात उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "एवढं लक्ष संसारात घातलं असतंस तर!" मास्तरचा बेडूक तिथल्या तिथे विहिरीत पडला.

मग त्याला जागा सुचली. अशी जागा, जिथे बायको, बहीण, साहेब, कुणी म्हणजे कुणी पोचू शकत नाही. लिफ्टच्या केबिनचा टप! लिफ्ट तपासायची तर मेकॅनिक केबिनच्या डोक्यावर चढून बसतो. तिथलं एक बटण फिरवलं की लिफ्ट त्याच्या एकट्याची. खाली लोकांनी बटणं दाबून बोटं झिजवली तरी ती जागची हलत नाही. बाहेर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लावली की सगळे निमूट जिने चढतात. ती पाटी वाचून आजवर कुणी 'कसली दुरुस्ती?' असं विचारलेलं नाही. मास्तर इतकी वर्षं इमानाने त्या पाटीच्या आड काम करत आला होता. आता म्हटलं, थोडं पुण्य वापरू!

निवडली एक उंच, शांत इमारत. दुपारी पाटी लावायची, टपावर चढायचं, ग्रीसच्या डब्याला टेकायचं आणि बेडूक उडवायचा. पहिली विहीर जमली. दुसरी जमली. तिसरी काही केल्या जमेना! तिच्यावर फळीच नव्हती. हिरवा बेडूक काठावर उभा राहून डोळे मिचकवायचा, उडी मारायचा आणि डुबुक! मास्तर इरेला पेटला. लेकीसाठी म्हणून सुरू केलेला खेळ, पण खोटं कशाला बोला, आता तो स्वप्नातही डुबुक ऐकत होता. कामावर निघताना पान्हा विसरायचा, गेम विसरायचा नाही.

एका दुपारी सातव्या मजल्यावरच्या काकू भाजीच्या दोन पिशव्या घेऊन जिना चढत होत्या. लिफ्टच्या बंद दारामागून त्यांना आवाज आला: टुंई, टुंई, टुंई, डुबुक! काकूंच्या हातून पिशवी सुटली. बटाटे गडगडत थेट सेक्रेटरींच्या दारापर्यंत गेले. त्यामागोमाग काकूंचं ओरडणं गेलं.

सेक्रेटरी बाहेर आले आणि दाराच्या फटीला तोंड लावून गरजले, "मास्तर! हा कसला आवाज?"

टपावर मास्तरने घाईघाईने गेमचा आवाज बंद केला. खरं सांगावं तर नोकरी जाते. आणि माणसाची नोकरी जाताना जीभ फार चालते.

"तपासणीचं यंत्र आहे, साहेब! नवीन आलंय! दोर कुठे सैल आहे ते वाजून सांगतं!"

जिन्यात कुणीतरी बटाटे गोळा करू लागलं. मास्तरला वाटलं, सुटलो.

सुटतोय कसला! संध्याकाळपर्यंत साऱ्या इमारतीला कळलं की आपल्या लिफ्टसाठी खास नवं यंत्र आलंय. शेजारच्या इमारतीत नाही, फक्त आपल्याकडे! जिने चढून ज्यांच्या गुडघ्यांची वाट लागली होती, तेच लोक आता मास्तरला वाट देऊ लागले. काकूंनी तर पाणी विचारलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर, रविवारी सकाळी सभासदांची मीटिंग आहे. यंत्राचं प्रात्यक्षिक करून दाखवायचं. तुमच्या साहेबांना मी फोन करणारच आहे."

"साहेबांना कशाला त्रास! मी येतो ना!" मास्तर घाईघाईने म्हणाला.

आणि त्याच संध्याकाळी, दुष्काळात तेरावा महिना, लेकीचा मेसेज आला. मास्तरने तिला कळवलं होतं, 'एक गंमत आणली आहे.' तिचं उत्तर होतं, 'ओके. रविवारी सकाळी येते.'

सकाळी! किती महिन्यांनी! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

रविवारी लेक आली. मास्तरने दारातच सांगितलं, "एका ठिकाणी दहा मिनिटांचं काम आहे. जाऊन येऊ. मग सगळा दिवस आपलाच!"

"गंमत कुठंय?" तिने विचारलं.

"आहे, पिशवीत आहे. तिथून आलो की बघू."

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या. लेक शेवटच्या खुर्चीत फोन काढून बसली. सेक्रेटरींनी लिफ्टच्या सुरक्षिततेवर लांबलचक भाषण केलं आणि मास्तरला पुढे बोलावलं. मास्तरने पिशवीतून गेम काढला. शेवटच्या खुर्चीतली मान वर झाली. तिकडे बघायची मास्तरची हिंमत झाली नाही.

"हे... हे यंत्र."

सगळे पुढे सरकले. "आणि हा बेडूक कशाला?" एका आजोबांनी विचारलं.

"हा बेडूक म्हणजे लिफ्टची केबिन," मास्तर म्हणाला. एकदा घसरला की माणूस घसरतच जातो. "या विहिरी म्हणजे मजले. बेडूक पलीकडे गेला, की समजायचं तो मजला ठणठणीत."

"वा!" सेक्रेटरी म्हणाले. "तपासा!"

पहिली विहीर पार. टाळ्या! दुसरी पार. आणखी टाळ्या! काकू शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती बारीक काम असतं." तिसऱ्या विहिरीच्या काठावर बेडूक थांबला, डोळे मिचकवले आणि... डुबुक!

"केबिन पडली!" काकू किंचाळल्या.

मग काय विचारता! आजोबा म्हणाले, मी कालच त्यातून आलो, वाचलो! कुणी म्हणालं, लिफ्ट कायमची बंद करा. कुणी म्हणालं, कंपनीवर केस करा. सेक्रेटरींनी साहेबांना लावायला फोन काढला. मास्तरने पुन्हा उडी मारली, पुन्हा डुबुक. घामाने अंगठे बटणांवरून सटकत होते.

"बाबा, सरका."

लेक शेजारी उभी होती. तिने खटकन एक हँडल ओढून काढलं आणि त्याच्या खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसली. पडद्यावर पिवळा बेडूक आला.

"हा पिवळा कोण?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सहायक," लेक शांतपणे म्हणाली. "ही विहीर एकट्याला जमत नाही. बाबा, मी वाकले की माझ्या पाठीवर या. आता! हां, आणि लगेच उडी!"

हिरवा बेडूक पिवळ्याच्या पाठीवर चढला, उडाला आणि पलीकडे पोचला. त्याने तिथून दोरी टाकली आणि पिवळ्याला ओढून घेतलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. काकूंनी तर डोळे पुसले. टाळ्यांशी मास्तरला काही देणंघेणं नव्हतं. लेकीचा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. सगळं त्याने दुकानात पाहिलं होतं तसंच झालं होतं, फक्त पलंगाच्या जागी खुर्ची होती. त्याला इतका आनंद झाला, की रडूच यायचं बाकी होतं.

"तुला कसं गं जमलं एका दमात?" त्याने हळूच विचारलं.

"आमच्याकडे आहे ना हा. काकाने मागच्या सुट्टीतच आणला. हा गेम तर आम्ही केव्हाच संपवला." ती हँडल परत बसवत होती. "आईसुद्धा खेळते. तिला तिसरी विहीर नव्हती जमत, मग काकाने शिकवलं."

बैल गेला आणि झोपा केला, तो हा असा. विमावाल्याला ती 'काकाने' म्हणाली, 'काकांनी' नाही, हे मास्तरने ऐकलं, आणि ते गिळून तो म्हणाला, "छान. छान झालं."

तेवढ्यात सेक्रेटरी फोन खिशात टाकत आले. चेहरा उजळलेला. "मास्तर, बोललो तुमच्या साहेबांशी! यंत्राचं त्यांना नीट कळलं नाही, पण तुम्ही जादा पैसे न घेता येता म्हटल्यावर त्यांनी लगेच परवानगी दिली. आता दर रविवारी सकाळपासून तपासणी. सगळ्या विहिरी, म्हणजे सगळे मजले! ठरलं!"

"दर रविवारी?" मास्तर दचकला. "साहेब, रविवारी माझं... रविवारी माझी..."

त्याने लेकीकडे पाहिलं. ती आता म्हणेल, 'रविवारी बाबांकडे मी असते.' एवढंच म्हणायचं होतं तिने. एवढ्यावर त्याने सेक्रेटरींना, साहेबांना आणि नोकरीलासुद्धा धुडकावून लावलं असतं.

लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला. खरंखुरं हसली, खूप दिवसांनी.

"बरं झालं की, बाबा! मी आले नाही की मला सारखं वाटत राहायचं, तुम्ही एकटे काय करत असाल. आता काळजी नाही."

आणि ती गेलीसुद्धा. संध्याकाळी मैत्रिणीचा वाढदिवस होता म्हणे.

तेव्हापासून दर रविवारी त्या इमारतीत पाटी लागते आणि मास्तर टपावर चढतो. काकू सातव्या मजल्यावरून हाक मारून विचारतात, "काय मास्तर, कसा आहे बेडूक?"

"ठणठणीत!" मास्तर ओरडून सांगतो.

लिफ्ट खरोखरच ठणठणीत आहे. तिला कधी काही झालंच नव्हतं. फक्त गेम सुरू केला की पडदा दर वेळी आधी विचारतो, 'दुसरा खेळाडू आहे?' मास्तर टपाच्या कडेवरून खाली लिफ्टच्या बोगद्यात बघतो आणि 'नाही' दाबतो. मग पहिली विहीर पार होते, दुसरी पार होते, आणि तिसरीला डुबुक!