कनकाईसाहेबांच्या छातीतील मांजराची हकीकत

श्रीकुलस्वामिनी श्वासाश्वासाची धनीण, तिचे पायी मस्तक ठेवून जे देखिले ते लिहितो. कमजास्त जाहले तर वाचणाराने पदरात घ्यावे. शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सर, ते साली आमचे राज्यात दुखणे पुसावयास मोबाईल आले आणि जुनी चाल मोडली, त्याचे वर्तमान ऐसे जे, महाराजांस कन्या एकच, कनकाईसाहेब, आणि ती बाळपणापासून दमेकरी. छातीत घुरघुर होई, तीस महाराज मांजर म्हणत. नित्य पहाटे खासे उठून कन्येचे महाली येत, आणि पाठीस कान लावून पुसत, "मांजर निजले की जागे?" आणि बाईसाहेब म्हणत, "निजले, आबा," किंवा "जागे आहे," आणि जागे म्हणताच महाराज तीस मांडीवर घेऊन पाठ चोळीत बसत, आणि मग दरबार खोळंबला तरी खोळंबो. परमुलुखीचे वकील बाहेर जांभया देत. काय ते दिवस होते, आठवले की आजही जीव गलबलतो.

मग बाईसाहेब पंधरा वर्षांच्या जाहल्या, आणि वैद्यराज गुंडोपंत यांनी अर्ज केला की, "आता थोर जाहल्या, रोजचा औषधाचा पंप त्यांचा त्यांनी ओढावा. मोबाईल सकाळ-सायंकाळ पुसेल, श्वास कैसा, पंप घेतला काय, आणि उत्तर मजकडे येईल." महाराजांस पसंत पडले. आता आमचे राज्याची रीत ऐसी की, किल्ला पडो, घोडे मरोत, पत्राचे आरंभी "येथील क्षेम" लिहावे आणि मग रडावे. बाईसाहेबांनी तीच रीत चालविली. मोबाईल पुसे, त्या "क्षेम" लिहीत, आणि पुढले काही लिहीत ना. सख्यांदेखत पंप तोंडास लावावयाची लाज, म्हणून तो उशाखाली पडून राही. गुंडोपंत क्षेम वाचून मिशीस पीळ देत, आणि महाराजांनीही पहाटेचे येणे सोडिले, की पुसणारे यंत्र आहे, मग आपण कशास? मला विचाराल तर तिथेच चुकले, पण आम्हांस कोण विचारतो.

फाल्गुनी पौर्णिमेस होळी पेटली आणि वारा फिरला आणि धूर अंगावर आला, आणि बाईसाहेब मटकन खाली बसल्या. ओठ निळे पडले, शब्द फुटेना. महाराजांचे तोंडचे पाणी पळाले. गुंडोपंत धावले, धाप मोडावयाचा दुसरा पंप दिला, पुनः दिला, आणि मोठ्या मिनतवारीने श्वास ठिकाणी आला. गुंडोपंतांचे हाती मोबाईल होता, त्यावर त्याच सायंकाळचे "क्षेम" होते.

महाराज रागे भरोन बोलिले, "पोरी, रोज खोटे लिहिलेस?"

बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "मोबाईलास लिहिले, आबा. तुम्ही पुसले असते तर खोटे बोलवले नसते. तुम्ही तर येणेच टाकले."

महाराज गुंडोपंतांस म्हणाले, "यंत्र राहू द्या. प्रश्न मी पुसेन." ते दिवसापासून बाईसाहेबांचे मोबाईलावर महाराजांचेच पुसणे येऊ लागले, "मांजर निजले की जागे?" महाराज स्वारीत असोत की शिकारीत, पुसणे चुकले नाही. आणि बाईसाहेब खरे लिहू लागल्या, आणि जागे लिहिले की महाराज असतील तिथून निघत, आणि पंपही सख्यांदेखत ओढला जाऊ लागला.

मग वर्षे लोटली. बाईसाहेब सासरी गेल्या, महाराज थकले, आणि गेले हिवाळ्यात त्यांचेच छातीत घुरघुर सुरू जाहली. एके सकाळी त्यांचा मोबाईल वाजला. लेकीने पुसले होते, "आबा, मांजर निजले की जागे?" महाराजांनी परघरच्या लेकीस घोर नको म्हणून रीतीप्रमाणे लिहिले, "येथील क्षेम."

दिवस मावळावयाच्या आत बाईसाहेबांची गाडी दाराशी उभी.

सारांश, महाल तोच, पाठ महाराजांची, कान लेकीचा. वकील बाहेर जांभया देत आहेत, ते देवोत. हकीकत येथवर पोहोचली, ती गोड मानून घ्यावी.