काढलेला डोंगर

आसनोली गावाच्या पश्चिमेचा डोंगर जागेवरून नाहीसा झाला तो हेमलता सरपोतदार यांनी लिहिलेल्या एका ओळीमुळे, आणि त्या ओळीत व्याकरणाची एकही चूक नव्हती.

रघुवीर चेऊलकर हा हेमलताबाईंचा एकेकाळचा विद्यार्थी. जहाजावरच्या नोकरीत तो जग हिंडला होता, आणि ज्या किनाऱ्याला जहाज लागले तिथून आत शिरून त्याने देशोदेशींचे डोंगर, पाणी आणि देवळे कॅमेऱ्यात साठवली होती. निवृत्त होऊन गावी परतल्यावर त्याने वाचनालयाच्या सभागृहात छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले. त्यात नॉर्वेतली खाडी होती, नामिबियातली वाळूची टेकडी होती, आइसलँडमधला धबधबा होता, आणि दारासमोरच्या भिंतीवर, सर्वांत मोठ्या चौकटीत, आसनोलीचा डोंगर होता. चौकटींखालच्या ओळी तपासून देण्याचे काम अर्थातच बाईंकडे आले. गावात लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत काहीही छापायचे झाले तरी ते त्यांच्या नजरेखालून जात असे, आणि याचा त्यांना सार्थ अभिमान होता.

रघुवीरने प्रत्येक चौकटीखाली लिहिले होते, 'रघुवीर चेऊलकर यांनी काढलेले खाडीचे छायाचित्र', 'रघुवीर चेऊलकर यांनी काढलेले धबधब्याचे छायाचित्र'.

"छायाचित्रांच्या प्रदर्शनात प्रत्येक चौकटीखाली 'छायाचित्र'?" बाई म्हणाल्या. "भाताच्या पातेल्यावर कोणी 'भात' असे लिहून ठेवते का रे? पुनरुक्ती हा दोष आहे, हे तुला सातवीत शिकवले होते."

त्यांनी तो शब्द सगळीकडून खोडला आणि विशेषणांची लिंगे उरलेल्या नामांशी जुळवून घेतली. काढलेली खाडी. काढलेला धबधबा. काढलेला डोंगर.

डोंगराच्या ओळीत मात्र त्यांनी स्वतःची भर घातली. बऱ्याच वर्षांपूर्वी, कुंदा वारली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, रघुवीर रजेवर आला असतानाचे ते छायाचित्र होते. कुंदा ही त्यांची पाठची बहीण. दोघींनी उभा जन्म एकाच घरात काढला होता. रोज सकाळी डोंगरावर जाऊन येण्याचा कुंदाचा नेम होता, आणि छायाचित्रात पायवाटेच्या वरच्या वळणावर, हिरव्या पातळातली, करंगळीच्या नखाएवढी कुंदा दिसत होती. म्हणून ओळ अशी झाली: 'रघुवीर चेऊलकर यांनी काढलेला आसनोलीचा डोंगर, पायवाटेने कुंदा उतरत आहे.' अपूर्ण वर्तमानकाळ बाईंनी विचारपूर्वक योजला होता. भूतकाळ लिहिण्यास त्यांचा हात धजावला नाही असे कोणी म्हटले असते, तर त्यांनी ते मान्य केले नसते.

प्रदर्शनाचे उद्‌घाटन झाले त्या सकाळी डोंगर नव्हता.

त्याच्या जागी काय होते, हे सांगणे कठीण आहे. खड्डा नव्हता, मैदान नव्हते. तिकडे पाहिले की नजर कशालाही न लागता पुढे निघून जाई आणि थोड्या वेळाने पाहणाऱ्याला आपण काय पाहत होतो हे आठवेनासे होई. नगराध्यक्ष अनंत ढेबे फीत कापण्यासाठी आले ते कात्री हातात धरून चौकटीसमोरच उभे राहिले. चौकटीतल्या डोंगरावर गवत हलत होते. चौकटीच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकत होते, आणि ग्रंथपालाने तिथे बादली ठेवली होती.

ढेब्यांनी खालची ओळ मोठ्याने वाचली. "'रघुवीर चेऊलकर यांनी काढलेला आसनोलीचा डोंगर.' म्हणजे यांनीच काढला. इथे लिहिलेलंच आहे की!"

"मी फोटो काढला हो," रघुवीर म्हणाला. "सगळं जग काढतं."

"पण लिहिलंय डोंगर काढला. आणि बाईंनी तपासलंय. मग तसंच असणार."

याला कोणी हरकत घेतली नाही.

संध्याकाळपर्यंत गावाचे नळ कोरडे पडले, कारण गावाचा झरा डोंगराच्या अलीकडच्या अंगाला होता. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या करंजे गावाचे सरपंच आले. त्यांच्या बाजूने डोंगर शाबूत होता. रघुवीरने समोरून काढला, म्हणून समोरचाच गेला. मागची बाजू कॅमेऱ्याला दिसली नव्हती, ती मागेच राहिली होती. "पण माथ्यावर चढून तुमच्या गावाकडे तोंड केलं, की पायाखाली काही नसतं," सरपंच म्हणाले. "आमची एक म्हैस तिकडे गेली. परत आली, पण आता ती कोणाच्याच बाजूला उभी राहत नाही."

याच सुमारास नगरपरिषदेत परदेशांतून फोन येऊ लागले. बोलणारे रडवेले असत. खाडी, वाळू, धबधबा असे काहीसे ते विचारत असावेत. लिपिक प्रत्येकाला साहेब जेवायला गेले आहेत असे नम्रपणे सांगत होता.

नगरपरिषदेने सभागृहातच सभा बोलावली. हेमलताबाई सर्वांच्या आधी येऊन चौकटीसमोरच्या खुर्चीवर बसल्या होत्या. खरे पाहता त्या आदल्या दिवसापासून तिथून हलल्याच नव्हत्या. कुंदा वरच्या वळणावर राहिली नव्हती. ती बोरीच्या झुडपापर्यंत आली होती आणि वाकून बोरे वेचत होती.

"बाई, तुम्ही तो एक शब्द परत लिहा," ढेबे म्हणाले. "एवढंच आमचं म्हणणं आहे."

"'एवढंच' हा शब्द तुम्ही लहानपणापासून चुकीच्या जागी वापरता, ढेबे. 'छायाचित्र' हा शब्द लिहिला की डोंगर जागेवर जाईल आणि चौकटीत छायाचित्र उरेल. बरोबर?"

"बरोबर."

"छायाचित्रात कोणी बोरे वेचत नाही."

कुंदा गावाच्या ओळखीची होती. शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि कोणालाही नापास करायची नाही, म्हणून दोघी बहिणींत वाद होत.

रघुवीर दबकत म्हणाला, "बाई, 'काढलेला'च्या ऐवजी 'टिपलेला' केलं तर?"

"टिपलेला? म्हणजे बंदुकीने? जागेवर परत येईल तो मेलेला डोंगर येईल."

"मग 'घेतलेला'?"

ढेबे घाईघाईने उठले. "नको, नको. 'चेऊलकरांनी घेतलेला डोंगर' लिहिलंत तर उद्या सातबारा यांच्या नावावर निघेल. मग झऱ्याचं पाणी आम्ही यांच्याकडे मागत बसायचं?"

शेवटी करंज्याच्या सरपंचांनी मार्ग सुचवला. कुंदाबाई उतरत आहेत, तर त्यांना उतरू द्यावे. त्या खाली पोहोचल्या की शब्द लिहावा. तोवर करंज्याच्या विहिरीचे पाणी टँकरने आसनोलीला द्यावे. सगळ्यांनी हे मानले.

पण कुंदा पोहोचेना. ती चालत होती, यात शंका नव्हती. झुडपाहून ती दगडी टाकीपाशी आली, टाकीहून आंब्यापाशी आली. आंब्यापासून पायथा हाकेवर होता, आणि तिथून पुढे ती चालतच राहिली. पाऊल उचले, टाके, आणि आंबा तिच्या खांद्याशीच असे. करंज्याची विहीर खाली जाऊ लागली. वाटेने जाताना लोक बाईंकडे पाहून नमस्कार करत, पण बोलत नसत. टँकरच्या रांगेतल्या एका म्हातारीने मात्र विचारले, "बाई, तुमची बहीण यायची कधी? आमच्या घरी बाळंतीण आहे हो."

बाई त्या दिवशी चौकटीसमोर बसून स्वतःची ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या, आणि दुपारी त्यांच्या लक्षात आले. लक्षात यायला इतका वेळ लागावा याचाच त्यांना राग आला. त्यांनी रघुवीरला बोलावून घेतले.

"अपूर्ण वर्तमानकाळ," त्या म्हणाल्या. "'उतरत आहे.' क्रिया चालू आहे, संपलेली नाही. या काळात कोणीही कुठेही पोहोचू शकत नाही. 'उतरली आहे' असे लिहायला हवे. आधी काळ बदलायचा, ती बाहेर आली की मग 'छायाचित्र'. क्रम चुकता कामा नये."

रघुवीर उभाच राहिला. त्याने चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"बोल."

"बाई, मी समोरून काढला होता. कुंदाताई गावाकडे तोंड करून उतरत होत्या. डोंगराची मागची बाजू जशी करंज्याला राहिली…"

"तशी तिची पाठ राहिली."

"डोंगराची निदान राहिली तरी. त्यांची…" तो थांबला. "त्यांची आपण नदीकाठी पोचवून आलो होतो, बाई. मीही खांदा दिला होता."

बाईंनी चौकटीकडे पाहिले. चौकटीत कुंदाचे पाऊल उचलले जात होते आणि टेकत होते. सकाळचे ऊन तिच्या तोंडावर होते, म्हणून तिने डोळे किलकिले केले होते. घराबाहेर पडताना ती नेहमी म्हणे, 'येते गं, ताई.' बाई नेहमी सांगत, 'जात आहेस तर जाते म्हण.' कुंदाने ते कधीच ऐकले नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारीही ती तेच म्हणाली होती, आणि बाईंनी तेव्हा दुरुस्ती केली नव्हती.

"तिने 'येते' म्हटले होते," बाई म्हणाल्या. "क्रियापदाला काही अर्थ असतो की नाही?"

त्यांनी पेन उघडले, 'उतरत' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर 'उतरली' असे लिहिले.

कुंदा आंब्यापासून सुटली. जवळ येणारे माणूस जसे मोठे होत जाते तशी ती मोठी होत आली, चौकटीची खालची कड तिने पातळ किंचित उचलून ओलांडली आणि बादलीला वळसा घालून ती फरशीवर उभी राहिली. ओच्यात बोरे होती.

"अगो बाई! ताई, तू किती म्हातारी दिसायला लागलीस! सकाळी निघाले तेव्हा एवढी नव्हतीस."

"उशीर केलास," बाई म्हणाल्या.

"बोरं होती ना. घे. आणि हा कोण, रघू? टक्कल पडलं की रे तुला!"

रघुवीरने वाकून नमस्कार केला. मग त्याने भिंतीकडे बोट दाखवले, आणि बाईंनी भानावर येऊन त्याच ओळीत 'छायाचित्र' हा शब्द लिहिला, विभक्ती आणि लिंग बदलले. बाहेर गलका झाला. डोंगर आला होता. ठिबकणे थांबले, गवत थांबले, आणि छायाचित्रातल्या पायवाटेवर आता कोणीही नव्हते.

"किती वाजले गं?" असे म्हणत कुंदा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे वळली. त्याबरोबर बाईंना घड्याळ अगदी स्पष्ट दिसले. खिडकी दिसली, पुस्तकांचे कपाट दिसले. कुंदा कुठेच नव्हती. फक्त तिचा आवाज आला, "बंद आहे वाटतं हे," आणि मग ती पुन्हा तोंड करून उभी राहिली, तीच बोरे ओच्यात, तेच सकाळचे ऊन गालावर. बाहेर दिवेलागण होत होती.

बाईंनी बहिणीचा हात धरला. हात थंडीतून आल्यासारखा गार होता.

"कुंदा, पुन्हा तशी वळू नकोस."

"का गं?"

"माझ्यासाठी."

कुंदाने बाईंच्या चेहऱ्याकडे किलकिल्या डोळ्यांनी पाहिले. "बरं," ती म्हणाली. "तू सांगतेस म्हणजे काहीतरी नियम असणार."

सभा दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात पुन्हा भरली. कुंदाची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. पुढीलप्रमाणे ठरले. नॉर्वे, नामिबिया, आइसलँड आणि उरलेल्या सर्व चौकटींखाली 'छायाचित्र' हा शब्द त्याच दिवशी पुन्हा लिहावा, आणि परदेशांतून फोन आल्यास साहेब जेवून आले आहेत असे सांगावे. करंज्याला त्यांच्या पाण्याबद्दल आभाराचे पत्र जावे. ते बाईंनी तपासावे. कुंदा सरपोतदार यांनी गावात राहावे, मात्र कोणाकडेही पाठ करू नये. घरातून, दुकानातून वा देवळातून निघताना त्यांनी तोंड समोर ठेवून मागे सरत निघावे, आणि त्यांच्या मागे कोणीही चालू नये. रघुवीरने त्यांचे छायाचित्र मागच्या बाजूने काढावे काय, असा प्रश्न ढेब्यांनी विचारला. जे नाही ते काढता येत नाही, असे बाईंनी सांगितल्यावर तो मागे घेण्यात आला.

ठरावाला रघुवीरने अनुमोदन दिले. ढेबे, करंज्याचे सरपंच आणि ग्रंथपाल यांनी होकार दिला. हेमलताबाईंनी शुद्धलेखन पाहून होकार दिला. कुंदाने ओच्यातले एक बोर तोंडात टाकले आणि हसून मान हलवली.

मग ती उठली, सर्वांकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे सरत दारापर्यंत गेली, उंबरठा पायाने चाचपला आणि म्हणाली, "येते गं, ताई."

"ये," बाई म्हणाल्या.