धूसर चेहऱ्याचे सर्जेराव

मंदाताई लाटकरांचं नाव ज्या डेटिंग साइटवर फुकटात नोंदवलं होतं, ती साइट सोमवारी सकाळी बॅग घेऊन त्यांच्या घरी राहायला आली. पैसे भरायचे की नाहीत हे ठरेपर्यंत साइटनं घरातच राहायचं, अशी पद्धतच आहे. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. समोरच्या घरातून फक्त, "किती दिवस आहे म्हणे?" एवढीच चौकशी झाली.

साइट मध्यम उंचीची होती. अबोली रंगाचा पंजाबी ड्रेस, बोलणं गोड. हॉलमधल्या दिवाणावर ती पाठ न टेकता बसली आणि थोड्या थोड्या वेळानं विचारू लागली, "ताई, मेंबरशिपचा विचार झाला का?"

"चालू आहे," मंदाताई म्हणाल्या.

मंदाताई खो-खोच्या पंच. वय बावन्न, लग्न झालेलं नाही. तरुणपणी स्वतः खेळल्या, पुढं शिट्टी हातात घेतली आणि निम्म्या महाराष्ट्राची मैदानं फिरल्या. त्यांनी दिलेला निर्णय कुणी फिरवला नव्हता. धावत्या पोरीची टाच रेषेला लागली की नाही हे त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून सांगायच्या. या नजरेचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

साइटवर नाव घातलं ते वहिनींनी. भाऊ गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. पण दिवाळीनंतर वहिनी कायमच्या मुलीकडं बेळगावला जाणार होत्या. "तुम्हाला या घरात एकटं सोडून माझा पाय निघणार नाही, वन्सं," त्या म्हणाल्या होत्या. मंदाताईंनी एका अटीवर होकार दिला. पैसे भरायचे नाहीत.

साइटनं नियम समजावून सांगितले. फुकटात ती योग्य माणूस घरी घेऊन येईल, त्याला बसवेल, बोलू देईल. फक्त चेहरा धूसर राहील. पैसे भरले की स्वच्छ होईल.

"आणि आम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"तुमचं नाव नोंदवलेलं नाही. तुम्हाला ते जसे आहेत तसे दिसतील."

बुधवारी संध्याकाळी साइट सर्जेराव आवळ्यांना घेऊन आली. ते कुरुंदवाडचे बँडमास्तर होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. उंच माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर जुनं घड्याळ, लांब बोटं. कॉलरच्या वर मात्र काचेवर वाफ धरावी तसं काहीतरी होतं. त्यांनी चहाचा कप उचलला. तो त्या वाफेत गेला आणि रिकामा होऊन बाहेर आला.

"साखर बरोबर आहे," वाफेतून आवाज आला. आवाज भरदार होता.

वहिनी टक लावून बघत होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "वन्सं, नाक तर बघा की यांचं..."

"वहिनी, पुढं एक शब्द बोलू नका."

"अहो, चांगलंच सांगत होते."

"चांगलंही सांगू नका. मला जे दिसत नाही त्यावर मी निर्णय देत नाही."

सर्जेरावांना हे आवडलं असावं, कारण ते थोडे पुढं सरकून बसले. या पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांची लग्नं आपल्या क्लॅरिनेटवर लागली, असं त्यांनी ताठ बसून सांगितलं. मंदाताईंनीही ताठ बसून राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यजमानांच्याच संघाचा गडी बाद दिल्याचं सांगितलं. गप्पा रंगल्या. निघताना सर्जेराव दारात थांबले.

"एक विचारू का? तुमचे केस लांब आहेत की आखूड?"

"म्हणजे? दिसत नाहीत?"

"मीही फुकटातच आहे, बाई. तुम्ही मला मानेपासून खाली दिसता."

मंदाताईंना हे फार लागलं. त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली होती, कपाळावर ठळक कुंकू लावलं होतं. मैदानावर बघणाऱ्यांत आपल्याला बघायला येणारेही असतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आणि हा गृहस्थ तासभर समोर बसून वाफेशी बोलत होता! सर्जेराव गेल्यावर त्यांनी साइटला धारेवर धरलं.

"मी पैसे भरले तर मी त्यांना दिसेन का?"

"नाही ताई. तुम्हाला ते दिसतील. तुम्ही दिसायला पैसे त्यांनी भरायला हवेत."

"मग त्यांना सांगा भरायला."

"सांगितलं. ते म्हणाले, आधी बाईंनी भरावेत."

पुढचे पंधरा दिवस सर्जेराव येत राहिले. कधी पेढे आणत, कधी नुसतेच येत. खो-खोतला पाठलाग कसा करायचा हे मंदाताईंनी त्यांना अंगणात खडूनं आखून दाखवलं. सर्जेरावांनी क्लॅरिनेट आणली. तिचं वरचं टोक वाफेत शिरायचं आणि खालून सूर बाहेर यायचे. गल्लीतली माणसं खिडक्यांशी येऊन ऐकायची. पण पैशांचा विषय निघाला की मंदाताई कप आवरायला उठत आणि सर्जेराव घड्याळ बघत. साइट एकदा यांच्याकडं बघे, एकदा त्यांच्याकडं, आणि हळूच म्हणे, "सणाची सवलत आहे."

शेवटी भांडण झालंच. "एका बाईचा चेहरा बघावा असं तुम्हाला वाटत नाही?" मंदाताईंनी विचारलं.

"वाटतं की! पण ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं वाजवली, त्यानं स्वतःच्या वेळी दलाली भरायची? जमणार नाही. आणि तुम्हाला वाटत नाही का?"

"मी नजरेवर नाव कमावलंय. नजरेसाठी पैसे मोजणार नाही."

सर्जेराव उठले, चप्पल घालून निघून गेले. चार दिवस आले नाहीत, पाचव्या दिवशीही आले नाहीत. वहिनींच्या सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. हॉलमध्ये भांड्यांची पोती उभी होती आणि घर आत्तापासूनच मोठं वाटू लागलं होतं. मंदाताई एकदा पर्स घेऊन साइटसमोर येऊन उभ्याही राहिल्या. साइट लगबगीनं उठली. मंदाताईंनी पर्स परत खुंटीला अडकवली.

रविवारी संध्याकाळी त्या भाजी घेऊन येत होत्या. मोठ्या रस्त्यावर वरात अडली होती. पुढं बँड, लाल कोट, सोनेरी झुपके, वीस-पंचवीस वाजवणारे, सगळे एका गणवेशात, एका टोपीत. मागं पोरं नाचत होती. मंदाताई दूर कोपऱ्यावर, फटाक्यांच्या धुरापलीकडं उभ्या होत्या. तिथून एकही चेहरा धड ओळखू येण्यासारखा नव्हता. पण एक माणूस त्यांना लगेच दिसला. इतक्या चेहऱ्यांत तो एकटाच धूसर होता.

शंभरजणांत माणूस निवडायला त्यांना क्षणही लागला नव्हता.

आणि तेवढ्यात क्लॅरिनेट वाजता वाजता थांबली. सर्जेराव मान उंचावून गर्दीच्या कडेला बघत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका दाटीनं उभ्या होत्या, दागिने, गजरे, हसरे चेहरे. सर्जेराव बँड सोडून सरळ चालत आले आणि मंदाताईंसमोर येऊन थांबले.

"तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"मीच. कशावरून ओळखलंत?"

"एवढ्या बायकांत तुम्हीच तेवढ्या दिसत नव्हतात."

मागं ढोलवाला एकटाच ठेका धरून राहिला होता. नवरदेव घोड्यावरून वाकून बघत होता. मंदाताईंनी भाजीची पिशवी डाव्या हातात घेतली.

"पैसे भरले," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही चारचौघांसारखे दिसाल."

"तेच माझ्या मनात आलं."

"मग भरायचे नाहीत."

"नाहीत," सर्जेराव म्हणाले. क्लॅरिनेट पुन्हा वाफेत गेली आणि वरात पुढं सरकली.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी साइटला समोर बसवलं आणि शिट्टी वाजवल्यानंतर सांगतात तशा आवाजात सांगितलं, "आम्ही दोघांनी ठरवलंय. मेंबरशिप घ्यायची नाही."

'आम्ही दोघांनी' हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले होते. पण ते अडखळले नाहीत.

"माझ्या कामात काही कमी पडलं का?" साइटनं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता, पण मान खाली गेली नव्हती.

"काम तुम्ही चोख केलंत. पैसे घेऊन ते पूर्ण मात्र करू नका."

साइटनं यावर विचार केला. "पैसे भरले नाहीत तर मी हे कधीच स्वच्छ करू शकणार नाही," तिनं बजावलं. "पुढं लग्न झालं तरी. म्हातारपणीसुद्धा."

"आमची हरकत नाही."

साइटनं बॅग भरली. वहिनींनी तिला डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून दिल्या आणि कुंकू लावलं. ती नवव्या गल्लीत एका शिक्षकांकडं गेली.

लग्न पुढच्याच मुहूर्तावर, अंगणातच झालं. वहिनींनी बेळगाव तेवढ्यासाठी पुढं ढकललं. अंतरपाट धरला, सरकला, आणि दोघांनाही पलीकडं पूर्वीसारखीच वाफ दिसली. दोघांनी हार मात्र अचूक घातले. नंतर सर्जेरावांनी फेटा न काढता क्लॅरिनेट हातात घेतली आणि स्वतःच्या वरातीपुढं स्वतः वाजवत चालले. मंदाताई त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या. नवरीसारखं खाली बघत चालायचं त्यांना कारणच नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी गर्दीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "काय जोडा शोभतोय बघ!"

मंदाताईंनी ते ऐकलं आणि मान डोलावली. त्यांचंही तेच मत होतं.