साळूमावशीच्या सायकलचा सत्कार

बाळगोपाळांनो, एका जंगलात एक सायकल होती. जंगलात सायकल कशी आली, असं मध्येच विचारायचं नाही. जंगलात पंचायत आली, ग्रामसेवक आला, मग एकट्या सायकलनंच काय घोडं मारलं होतं?

ती सायकल साळूमावशी चालवायची. साळूमावशी म्हणजे साळिंदरीण, आणि साऱ्या जंगलाची सुईण. अंगभर काटे, पण हात असे मऊ, की रानडुकरिणीपासून सशिणीपर्यंत सगळ्या तिलाच बोलवायच्या. बावीस वर्षं ती त्याच सायकलवरून डोंगर चढत होती नि उतरत होती. चाकं वरचेवर पंक्चर व्हायची, पण त्याचा दोष तिला दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता.

एके सकाळी सायकल पुसताना मावशीच्या बोटाला काहीतरी खरखरलं. हँडलच्या खाली, जिथे फ्रेमची नळी मानेला जुळते, तिथे केसाएवढी रेघ होती. रेघेत गंज. पल्याडच्या उतारावर चंपा भेकरीण दिवसांवर आली होती. पहिलटकरीण, बिचारी! आणि तिकडची वाट अशी उभी, की उतरताना सायकलची मान तुटली, तर चंपाच्या बाळाच्या बारशाआधी मावशीचं तेरावं व्हायचं.

मावशी सायकल ढकलत तरसू लोहाराकडे गेली. तरसू म्हणजे तरस. तो सारखा हसायचा. कुणी गेलं तरी हसायचा, म्हणून त्याला मयताला बोलवत नसत.

"मावशे, घाबरू नगंस," तरसू खिदळला. "पोलाद हाय हे. मोडायच्या आधी सांगतं. हिनं सांगितलंय. घासून साफ करतो, पट्टी ठेवून झाळून सांधतो. अर्ध्या तासाचं काम. न्हाईतर हिला टाक आन् दुसरी आण. पर अशी हिच्यावर बसू नगंस."

"मग झाळ की, मेल्या! वाट कुणाची बघतोस?"

"हिच्यावर पंचायतीचा नंबर हाय. इचारल्याबिगर हात लावला, तर भाऊसाहेब माझा भाता उचलून नेतील."

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक घोरपड. एकदा खुर्चीला चिकटले, की चार बैल लावूनही सुटत नसत. त्यांनी सायकलकडे लांबूनच पाहिलं.

"दुरुस्ती फक्त चालू वाहनाची करता येते," ते म्हणाले. "आणि तडा गेलेलं वाहन चालू धरता येत नाही."

"मग मोडीत काढा, आन् दुसरी द्या."

"मोडीत काढायला वाहन मोडावं लागतं. हे कुठे मोडलंय? दोन तुकडे घेऊन या, उभ्या उभ्या सही करतो."

"दोन तुकडं व्हतील तवा मी तरी जाग्यावर असंन का, भाऊसाहेब?"

"त्याचा अर्ज वेगळा असतो," भाऊसाहेब मायेनं म्हणाले.

मावशीचे काटे उभे राहिले. कचेरीतले सगळे दोन पावलं मागे सरकले, पण कागद जागचा हलला नाही. शेवटी प्रकरण सरपंचांकडे गेलं. सरपंच होता गवा. आडवातिडवा गडी. त्याला डोकं कमी होतं असं नाही, पण समारंभ फार आवडायचे.

"बावीस वर्षांची सेवा!" गवा गहिवरला. "हिला दुरुस्त कसली करता? सन्मानानं निवृत्त करू!"

"आन् नवी?"

"नवीचं पुढच्या सभेत बघू."

"पुढची सभा कधी हाय?"

"ते ठरवायला एक सभा घ्यावी लागेल."

झालं! तिसऱ्या दिवशी दुपारी मांडव पडला. सायकलला शाल पांघरली, हँडलला हार घातला, कॅरियरवर नारळ ठेवला. माकडांनी ताशा बडवला. फोटोसाठी सरपंच एक विनोद सांगत सायकलवर नुसते रेलले, आणि मानेतून 'कट्ट' असा आवाज आला. केसाएवढ्या रेघेची नखाएवढी भेग झाली. तरसू खो खो हसला. सरपंचांना वाटलं, आपल्या विनोदाला हसला. त्यांनी तोच विनोद पुन्हा सांगितला आणि भाषण सेवेच्या पहिल्या वर्षापासून सुरू केलं.

तेवढ्यात टिटवी किंचाळत आली. "मावशी! चंपाला कळा लागल्या! अन् बाळाचे मागचे पाय आधी दिसतायत!"

पायी जावं तर दिवस मावळणार. सायकलवर जावं तर ही अशी. तिनं एकदा भेगेकडे पाहिलं, एकदा शालीकडे, आणि एकदम भाऊसाहेबांच्या कानाशी वाकली.

"भाऊसाहेब, ही निवृत्त झाली का?"

"झाली. शाल पडली, तेव्हाच दप्तरातून नाव कमी केलं."

"म्हंजी पंचायतीची न्हाई?"

"आता काही संबंध नाही."

"मग कुनाची?"

भाऊसाहेबांनी पुढून मागे आणि मागून पुढे सगळी पानं उलटली. "तशी... कुणाचीच नाही."

"तरसू!" मावशी गरजली. "भट्टी पेटव!"

मांडवाच्या मागेच तरसूची भट्टी होती; तिथे सायकल नेऊन त्यानं कानशीनं भेग घासली, पट्टी बसवली आणि झाळायला घेतली. ठिणग्या मांडवाच्या वर उडाल्या. सरपंचांना वाटलं, आपल्यासाठी आतषबाजी! त्यांनी हात जोडले आणि आवाज चढवला. भाषण सातव्या वर्षाला पोचलं आणि इकडे झाळकाम पुरं झालं. मावशी घाई करत होती, तरी तरसूनं पाणी मारू दिलं नाही, सावकाश निवू दिलं. आठवं वर्ष संपलं तेव्हा मावशीनं टांग मारली.

उतारावर मावशी घाबरली होती. खोटं कशाला सांगू? दगड आला की डोळे मिटायची आणि म्हणायची, "गेली आता!" दगड जायचा, सायकल नाही जायची. खालच्या वळणापर्यंत मावशीला भीतीच्या जागी हसू फुटलं. हार फडफडतोय, शाल उडतेय, आणि म्हातारी उतारावरून खिदळत निघालीय! वाटेतल्या सशांना वाटलं, हिचं लग्नच आहे.

चंपाकडे पोचली आणि ते मऊ हात कामाला लागले. बाळ फिरलं नाही, पण मावशीनं त्याला मागच्या पायांनीच अलगद जगात आणलं. पाडस उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. चंपा रडली. मावशीही रडली.

तिकडे सरपंच तेव्हा एकोणिसाव्या वर्षाबद्दल बोलत होते.

सायकल अजून रोज तो डोंगर उतरते. भाऊसाहेब खिडकीतून बघतात, आणि निवृत्तीनंतर माणसानं असं हिंडतं-फिरतं राहावं, असं म्हणतात.

तात्पर्य : तडा वेळीच सांधावा, असं तुम्हाला वाटलं असेल. वेडे कुठले! बाळांनो, मन लावून काम करायचं असेल, तर आधी आपला सत्कार उरकून घ्यावा. गळ्यात हार पडला, की कामात कुणी आडवं येत नाही.