आजोबांनी इंग्लंडात राब भाजला

सई आणि अर्णव,

परवा व्हिडिओ कॉलवर सईनं विचारलं, "आजोबांनी आमच्या गार्डनला आग लावली होती, हे खरं का?" तुमचे बाबा हसत सुटले आणि गोष्ट भलतीकडूनच सांगू लागले. म्हणून मी ती नीट, क्रमानं लिहून ठेवते आहे. मी शाळेत इंग्रजी शिकवलं. अर्धवट उत्तरं मला चालत नाहीत.

आधी आजोबांविषयी. सपाट जमीन दिसली की तिथे किती भात पिकेल याचा ते अंदाज बांधतात आणि तो मोठ्यानं सांगतात. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी, शहापूरला आले, तेव्हा शाळेचं मैदान बघून म्हणाले, "पडीक ठेवलाय." तुमच्याकडे यायला निघालो तेव्हा विमानाच्या खिडकीतून धावपट्टी बघून म्हणाले, "मास्तरीण, दहा खंडी भात कुठं गेला नाय. नुसतं बांध घालायला पायजे." मास्तरीण म्हणजे मी. शेजारच्या प्रवाशानं आमच्याकडे पाहिलं. मी पुस्तक उघडलं.

आम्ही आलो होतो तीन आठवड्यांसाठी. अर्णव तेव्हा पाळण्यात होता, सई चार वर्षांची. मग साथ आली, विमानं बंद झाली आणि तीन आठवड्यांचे सहा महिने झाले. मला त्रास नव्हता. मी तुमच्या घरातली सगळी कपाटं लावून काढली. आजोबांची चिंता मात्र इथे गावी, आढ्याला टांगलेली होती.

धसईजवळच्या आमच्या या घरात आढ्याला पेंढ्यात घट्ट बांधलेला बियाण्याचा मुडा असतो. त्यात 'म्हातारीचा भात'. म्हातारी म्हणजे तुमची पणजी, आजोबांची आई. हे भात बाजारात मिळत नाही आणि आमच्याशिवाय कोणाकडे नाही. दरवर्षी पेरायचं, पिकलं की त्यातलंच बियाणं ठेवायचं. एक वर्ष चुकलं तर निम्मं उगवत नाही. आणखी चुकलं तर संपलंच. पणजी गेल्यापासून त्या मुड्याला आजोबांशिवाय कोणी हात लावलेला नाही. मीसुद्धा नाही. आणि घराची किल्ली आजोबांच्या कडदोऱ्याला, म्हणजे इंग्लंडात. विमानतळाच्या तपासणीत ती वाजली होती. तो प्रसंग मी गाळते.

रोज ते बारकूला फोन करत. बारकू वाडीवर राहतो. त्याला स्वतःची जमीन नाही. पण आमच्या शेतात आजोबांच्या जोडीनं राबून त्याचेही केस पिकले.

"दादा, राब भाजून ठेवलाय," बारकू म्हणायचा. "आता कुलूप फोडू काय?"

"नाय. बियाण्याला हात नाय लावायचा. मी येतो आठ दिसांत."

असे आठ दिवस पुष्कळ गेले.

राब म्हणजे काय ते सांगते. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून ती जमीन भाजतात. बारकूनं एकट्यानं राब भाजला हे ऐकल्यापासून आजोबांचे हात स्वस्थ बसेनात. एका सकाळी त्यांनी तुमच्या मागच्या अंगणाच्या कोपऱ्यात सुका पाला, काटक्या आणि कुरियरचे पुठ्ठ्याचे खोके पसरले, वर माती भुरभुरली आणि काडी लावली. धूर शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेला. बंब आला.

बंबावरचा साहेब तरुण होता, सभ्य होता. पण इतकी वर्षं इंग्रजी शिकवून मला राब काही समजावता येईना.

"त्याला विचार गो," आजोबा मागून म्हणाले, "यांच्यात भाजल्याबिगर रोप तरारतो कसा?"

शेवटी साहेबानं वहीत 'धार्मिक विधी' असं लिहून घेतलं. मी दुरुस्ती केली नाही. शिक्षिका म्हणून माझ्याकडून झालेली ही एकमेव कुचराई.

अंगणात काळा चौकोन उरला. पेरायला काही नव्हतं. सई, तू स्वयंपाकघरातून मूठभर बासमती आणलास आणि तिथे टाकलास. "आजोबा, येईल?" "येल की!" ते म्हणाले. त्या दिवसापासून रोज सकाळी ते त्या तांदळाला पाणी घालू लागले.

"अहो, टरफल काढलेला तांदूळ कुठे उगवतो का?" मी विचारलं.

"मास्तरीण, मला शेती शिकवू नको. पोरीला सांगायचं तर तू सांग."

मी सांगितलं नाही. तीन आठवडे पाणी घालून झालं. एक दिवस तू चौकोनाशी उकिडवी बसलीस आणि विचारलंस, "आजोबा, हे मेलं का?"

आजोबांनी झारी खाली ठेवली आणि आत येऊन बारकूला फोन लावला.

"कौलं काढ आनि वरून उतर. मुडा सोड."

"चोरावानी? आनि गावात काय सांगू?"

"सांग, दादानी धाडलाय चोरी करायला. पेर आता. आनि थोडा तुज्या परड्यातपन पेर. एकाच ठिकानी नको."

फोन ठेवून ते खिडकीपाशी उभे राहिले. समोर एक मोठं मैदान होतं. त्यात किती भात पिकेल हे त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा शेतात भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. घरात शिरल्यावर आजोबांनी आधी वर बघितलं. "कौलं वाकडी बसवलीस रे," बारकूला म्हणाले.

ती कौलं अजून वाकडीच आहेत. यंदा दोन मुडे बांधले: एक आमच्या आढ्याला, एक बारकूच्या. आमच्या घराची किल्लीही आता बारकूकडे असते.